श्री. व सौ. अधिक नान

फ्रीलान्सर माणसाच्या कपाळावर एक अदृश्य पाटी असते: 'हिला वेळ आहे.' आपल्याला ती आरशात दिसत नाही, पण नातेवाइकांना लांबूनही वाचता येते. तुम्ही सकाळी साडेआठला ऑफिसची बस पकडता, खांद्याला लॅपटॉप, गळ्यात आयकार्ड; म्हणजे तुम्ही बिझी. मी रात्री दोनपर्यंत डायनिंग टेबलवर बसून लेख खरडते, पण गळ्यात आयकार्ड नाही. त्यामुळे चुलतबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा काकांचा पहिला फोन मला आला.

"तू घरीच असतेस ना? मग आमंत्रणांचं तेवढं बघ. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं."

काकांची अपेक्षा साधी होती. पत्रिकेचा फोटो सगळ्यांना एकसारखा ढकलायचा नाही. प्रत्येकाला त्याच्या नावाने, त्याच्या गावाचा उल्लेख करून व्हॉट्सअ‍ॅप मेसेज गेला पाहिजे. "माणसाला वाटलं पाहिजे की आपल्यालाच लिहिलंय," हे वर. सोबत एक एक्सेल फाइल आली. 412 ओळी. नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, माणसं किती, फोन. ही यादी मोठ्या ताईच्या लग्नाच्या वेळची, 2019 ची होती. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

412 मेसेज हाताने टाइप करायचे? बॉस, अशक्य. लॉकडाउनमध्ये केकपासून पायथॉनपर्यंत सगळं शिकून झालं होतं. केक कधीच जमला नाही, पण पायथॉन थोडाफार डोक्यात राहिला होता. (सापाला घाबरणाऱ्यांनी घाबरू नये. ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. खिडो वान रोसम या डच माणसाने ती 1991 मध्ये लोकांसमोर आणली आणि नाव दिलं ते मॉन्टी पायथॉन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून.) म्हटलं, प्रोग्रॅम लिहू, चहा होईपर्यंत 412 मेसेज तयार.

कामही काय, तर मजकुराचे तुकडे जोडायचे. अवतरणचिन्हांत जे काही लिहाल त्याला प्रोग्रॅमर लोक 'स्ट्रिंग' म्हणतात. "प्रिय" ही एक स्ट्रिंग, "गणपतराव" ही दुसरी. मध्ये अधिकचं चिन्ह टाकायचं की झाली एक. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट या सगळ्यांत हेच अधिक. पीएचपीमध्ये त्याजागी टिंब असतं, एसक्यूएलमध्ये दोन उभ्या रेघा आणि तुम्ही रोज ज्याच्यावर उपजीविका करता त्या एक्सेलमध्ये & हे चिन्ह. म्हणजे ए2 आणि बी2 च्या मध्ये & टाकून तुम्ही कधी नाव-आडनाव एका सेलमध्ये आणलं असेल, तर अभिनंदन, तुम्हीही हा प्रकार केलेला आहे.

पहिला मेसेज बाहेर आला: 'प्रियगणपतरावदिनकररावजाधव'.

आपण बोलताना दोन शब्दांमध्ये जी जागा सोडतो ती सोडतोय हे आपल्याला जाणवतही नाही. कॉम्प्युटरला मात्र मोकळी जागा हेही एक अक्षर आहे. तुम्ही दिलं तर तो घेणार, नाही दिलं तर नाही. मग मी नाव अधिक जागा अधिक मधलं नाव अधिक जागा अधिक आडनाव असं लिहिलं. ओळ इतकी लांब झाली की स्क्रीनच्या बाहेर गेली. वरच्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरवाला मित्र राहतो. तो चहाला आला होता, त्याने माझी ओळ बघून असा चेहरा केला जसा आई माझ्या पोळ्या बघून करते. "अगं, जॉइन वापर ना," म्हणाला. जॉइनला तुकड्यांची यादी द्यायची आणि मध्ये काय घालायचं ते एकदाच सांगायचं. गंमत म्हणजे पायथॉनमध्ये ते 'मध्ये काय' आधी लिहायचं असतं आणि तुकडे नंतर. हार ओवायला बसलं की आधी दोरा हातात घेतात, तसंच.

तो पुढे वेगाबद्दलही बराच बोलला. एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही, त्यामुळे अधिक करून जोडताना प्रत्येक वेळी आधीचं सगळं पुन्हा नव्याने उतरवून काढावं लागतं. दहा-दहा अक्षरांचे 1000 तुकडे असे एकामागून एक चिकटवले तर उतरवायची अक्षरं होतात 50 लाखांच्या वर. जॉइनने तेच काम 10,000 मध्ये. पायथॉन काही वेळा आतल्या आत युक्ती करून हे ओझं वाचवतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये म्हणे. माझे 412 मेसेज होते आणि चहा अजून गरम होता. मी मान डोलावली.

नंतर मला 'आपण इतके जण यावे' असं टाकायचं होतं. "आपण " अधिक 4 अधिक " जण". पायथॉनने सरळ नकार दिला. लाल अक्षरांत एरर: स्ट्रिंगला स्ट्रिंगच जोडता येते, आकडा नाही. मी वैतागले. चार हे चारच आहेत, त्यात काय एवढं? पण नंतर जे झालं त्यावरून सांगते, ही कटकट म्हणजे त्या भाषेचा मोठा गुण आहे.

झालं असं की काकांचा धाकटा, माझा चुलतभाऊ, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आपली हुशारी दाखवायला एक छोटं पान बनवलं होतं. पाहुण्यांनी त्यावर जायचं, मोठी माणसं किती, मुलं किती ते भरायचं, की केटररला पानांची संख्या तयार. त्याने ते जावास्क्रिप्टमध्ये केलं. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली होती, आणि ती स्वभावाने फार सोशिक आहे. नाही म्हणत नाही. पानावरच्या चौकटीत आपण आकडा टाइप केला तरी तो आत मजकूर म्हणूनच पोचतो. मोठी माणसं "2", मुलं "2". भावाने मध्ये अधिक टाकलं. उत्तर आलं 22.

काका रात्री साडेदहाला फोनवर: "अगं, या नाशिकच्या जोशांकडे बावीस माणसं आहेत? एकत्र कुटुंब आहे मला ठाऊक आहे, पण बावीस?"

चार माणसांची बावीस पानं. जावास्क्रिप्टला विचारलंत तर ती म्हणेल, तुम्हीच दोन मजकूर दिलेत, मी ते शेजारी शेजारी ठेवले. बरं, त्याच दोन मजकुरांत वजाबाकी केलीत तर ती निमूट आकडे समजून करून देते, कारण मजकुराची वजाबाकी असा प्रकारच नाही. म्हणजे "5" अधिक "3" बरोबर "53", पण "5" वजा "3" बरोबर 2. लग्नाच्या घरात असा एक तरी मेहुणा असतो, ज्याला काहीही सांगा, 'हो हो, झालंच' म्हणतो आणि आपल्या मनानेच करून मोकळा होतो. त्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारी पायथॉनसारखी मावशी परवडली.

या पानाचा दुसरा झोल आणखी भारी होता. काकांचे वसईचे एक जुने मित्र आहेत, डिसूझा. इंग्रजीत लिहिताना ते आडनावातल्या डीनंतर ती वर लटकणारी छोटीशी खूण देतात. त्यांनी तीनदा फॉर्म भरला, तिन्ही वेळा पान कोसळलं. कारण आमच्या चिरंजीवांनी आलेलं नाव डेटाबेसच्या आज्ञेतच अधिक करून चिकटवलं होतं. डेटाबेसच्या भाषेत तीच खूण म्हणजे 'मजकूर इथे संपला'. त्यामुळे डी आला, मजकूर संपला, आणि उरलेलं 'सूझा' म्हणजे काहीतरी हुकूम आहे असं समजून डेटाबेस गडबडला.

मला हसू आलं, पण वरच्या मजल्यावरचा मित्र हसला नाही. म्हणाला, "हे आडनावाने झालं म्हणून वाचलात. कुणी मुद्दाम त्या जागी खरोखरचा हुकूम लिहिला असता तर?" यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात आणि ते काही लग्नघरापुरतं नाही. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीच्या सुमारे 1 लाख 57 हजार ग्राहकांची माहिती याच वाटेने बाहेर गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड ठोकला. वेबसुरक्षेत काम करणारी ओवास्प ही संस्था धोक्यांची यादी काढते. 2013 आणि 2017 या दोन्ही याद्यांत इंजेक्शनचा नंबर पहिला होता. उपाय फार जुना आहे: आज्ञा आधी पाठवायची, त्यात जागा मोकळी सोडायची आणि परक्याने दिलेला मजकूर वेगळा द्यायचा, चिकटवायचा नाही. भावाने त्या रात्री पान पुन्हा लिहिलं. डिसूझा काकांचं नाव चौथ्यांदा नीट बसलं.

मी इकडे पायथॉनच्या नकाराला वळसा घातला. त्यासाठी एफ-स्ट्रिंग नावाची सोय आहे, 2016 च्या डिसेंबरमध्ये आलेली. अख्खं वाक्य सलग लिहायचं आणि जिथे नाव हवं तिथे महिरपी कंसात नाव, जिथे आकडा हवा तिथे आकडा. जोडाजोड तो आपला आपण करतो. जाम आवडलं मला. मेसेज वाचता येत होता, जागा दिसत होत्या, एरर बंद. नमुना म्हणून पहिले शंभर काकांना पाठवले.

"सगळं छान आहे," काका म्हणाले. "फक्त हे नान काय आहे? मेन्यू आपण कळवत नाही ना?"

नान? बघितलं तर खरंच. 'श्री. व सौ. सुरेश नान पाटील.' इंग्रजी अक्षरांत एन-ए-एन. ज्या ओळीत मधलं नाव रिकामं होतं तिथे एक्सेल वाचणाऱ्या पायथॉनच्या साधनाने 'हा आकडा नाही' अशा अर्थाची आपली खूण ठेवली होती. अधिकचं चिन्ह वापरलं असतं तर ते तिथेच अडलं असतं, कारण ही खूण मजकूर नाही. एफ-स्ट्रिंगने मात्र तिचंही निमूट अक्षरांत रूपांतर केलं. सोय हवी होती ना, घ्या सोय. अशा 19 ओळी निघाल्या. मी घाईघाईत एक अट घातली: रिकामं असेल तर गाळून टाक. विषय संपला असं तेव्हा वाटलं.

मग गावांची गोष्ट. काकांना हवं होतं 'आपण साताऱ्याहून आवर्जून यावे'. मी लिहिलं गाव आणि त्याला लागून 'हून'. नाशिकहून, कोल्हापूरहून, सोलापूरहून. वा! पुढे: साताराहून. पुणेहून. ठाणेहून. कल्याणहून बरोबर, पण सांगलीहून शेजारी महाडहून ठीक आणि वाईहून ठीक आणि लगेच 'कराडहून'नंतर 'आळंदेहून'च्या जातीचं काहीतरी. एखाद्या कॉल सेंटरवरचा माणूस नुकतंच मराठी शिकून बोलतोय असं वाटायला लागलं.

शाळेत सामान्यरूप नावाचं एक प्रकरण होतं, आठवतंय? प्रत्यय लागायच्या आधी शब्दाला जे होतं ते. पुणे, पण पुण्याहून. सातारा, पण साताऱ्याहून. मुलगा, पण मुलाला. भाऊ, पण भावाला. आपण ते पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरलो, कारण बोलताना ते आपोआप होतं. अधिकच्या चिन्हाला ते होत नाही. मराठीत प्रत्यय जवळ आला की शब्द आधी थोडा वाकतो, मग प्रत्यय बसतो. (अक्षरांच्या पातळीवर मात्र कॉम्प्युटर आपल्याच बाजूने आहे. 'क', मग हलन्ताची खूण, मग 'ष' असे तीन तुकडे जोडा, पडद्यावर छान क्ष उमटतो. आत अजूनही ते तीनच असतात. म्हणून पायथॉनला 'क्षितिज'ची लांबी विचारलीत तर तो सात सांगतो. आपण मोजली असती तर तीन.)

हा फक्त माझा प्रॉब्लेम नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. सॉफ्टवेअरचं भाषांतर करणाऱ्यांसाठी गेटटेक्स्ट नावाचं एक जुनं साधन आहे. त्याच्या मार्गदर्शिकेतच सांगितलंय की तुकडे जोडून वाक्य बनवू नका, अनुवादकाच्या हातात अख्खं वाक्य द्या. कारण इंग्रजीत जिथे शेवटी एक एस लावून अनेकवचन भागतं, तिथे अरबीला एक, दोन, थोडे, बरेच असं करत सहा रूपं लागतात. आपल्याकडे तर क्रियापदसुद्धा माणूस बघून बदलतं. आली, आला, आले. बँकेचे आणि अ‍ॅपचे मराठी मेसेज असे 'गाव: पुणे. रक्कम: अमुक' या थाटात का असतात, हेही मला तेव्हा उमगलं. ते रूक्ष नसतात, घाबरलेले असतात.

काकांना 'गाव: पुणे' चाललं नसतं. मी एक्सेलमध्ये 'कुठून' असा नवा रकाना घेतला आणि 37 गावांची रूपं हाताने टाइप केली. पाऊण तास लागला. संपूर्ण प्रोग्रॅममधला हा एकमेव भाग आहे ज्याच्याबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

गुरुवारी रात्री भाऊ आणि त्याचे दोन मित्र यांनी पिझ्झाच्या बोलीवर सगळे मेसेज पाठवले. शुक्रवारी सकाळी आईचा फोन.

"आत्याला काय पाठवलंस तू?"

आतोबा गेल्या वर्षी मार्चमध्ये गेले. यादी 2019 ची, त्यात त्यांच्या घरची ओळ त्यांच्याच नावावर होती. आणि मेसेज गेला होता तो असा: श्री. व सौ., पुढे आतोबांचं पूर्ण नाव, आपण 2 जण साताऱ्याहून आवर्जून यावे, आम्ही वाट पाहतो. दोन निळ्या टिका. उत्तर नाही.

सांगायची गोष्ट ही की मला हे माहीत होतं. मी विसरले नव्हते. मी आधीच 14 फोन नंबरांची एक यादी प्रोग्रॅममध्ये लिहिली होती, घरच्या माणसांची. यांना श्री-सौ लावायचं नाही, यांचे मेसेज बनवायचेच नाहीत, मी स्वतः लिहिणार. त्यात आत्याचा नंबर होता. मी स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं, होता. मग मेसेज बनला कसा?

दोन तास गेले. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. शेवटी मी पायथॉनला विचारलं की यादीत नंबर किती आहेत. तो म्हणाला 13.

आत्याच्या नंबरनंतर स्वल्पविराम राहिला होता. त्याच्या खाली मोठ्या मामीचा नंबर. आणि पायथॉनमध्ये अशी एक सोय आहे की दोन स्ट्रिंग नुसत्या शेजारी ठेवल्या, मध्ये काहीच नाही, तरी तो त्या जोडून टाकतो. अधिकसुद्धा लागत नाही. लांब मजकूर दोन ओळींत मोडता यावा म्हणून ही सोय सी भाषेत आली, तिथून पायथॉनने घेतली. त्यामुळे आत्या आणि मामी मिळून एक वीस आकडी फोन नंबर तयार झाला होता. असा नंबर जगात कुणाचा नाही, म्हणून दोघींपैकी कुणीच यादीत सापडलं नाही आणि दोघींनाही सरसकटचा मेसेज गेला. मामींना तो बरोबरच होता. मामा ठणठणीत आहेत. त्यांनी तर तो चार जणांना पुढे पाठवला, 'भाचीने कसं छान लिहिलंय बघा' म्हणून.

ही सोय काढून टाका असा रीतसर प्रस्ताव 2007 मध्ये आला होता, तो फेटाळला गेला. 2013 मध्ये खुद्द वान रोसम एका निसटलेल्या स्वल्पविरामाने हैराण झाले आणि त्यांनीच हा विषय पुन्हा काढला. तरी ती सोय अजून आहे. इतक्या वर्षांत जगभरच्या लोकांनी तिच्या भरवशावर इतकं लिहून ठेवलंय की आता काढायची कशी? भाषा बनवणाऱ्यालाही जे आवरलं नाही ते मला काय आवरणार, अशी मी स्वतःची थोडा वेळ समजूत घातली. टिकली नाही. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक आहे, तुझी नाही." नाही हो काका. कॉम्प्युटरने आज्ञा पाळली.

मी प्रोग्रॅम बदलला. आता सेल रिकामा असेल तर तो काही गाळत नाही, काही जोडत नाही. नुसता त्या ओळीचा क्रमांक दाखवून थांबतो आणि मी फोन उचलते. त्या 19 जणांना मी दोन संध्याकाळी बसून फोन केले. मधलं नाव काय लिहू, एवढंच विचारायचं होतं. सहा बायका होत्या. एकीने वडिलांचं सांगितलं, दोघींनी नवऱ्याचं, एकीने 'रिकामं आहे ते मुद्दामच ठेवलंय' असं ऐकवलं आणि दोघींनी आईचं. त्यातल्या एका मावशींनी मला वर माहितीही दिली की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्र सरकारने आईचं नाव बंधनकारक केलंय. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. नातीच्या जन्मदाखल्याच्या वेळी कळलं म्हणे. म्हणजे नाव अधिक मधलं नाव अधिक आडनाव, ही तीन डब्यांची गाडी आता चार डब्यांची झाली. तुमच्यापैकी जे कुठल्याशा कंपनीत फॉर्म बनवतात त्यांनी हे लिहून ठेवा.

आत्याचा फोन मी सगळ्यात शेवटी ठेवला. तिने दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोल गं. मेसेज मिळाला तुझा."

मी स्वल्पविरामाचं सांगायला लागले. पायथॉन, यादी, वीस आकडी नंबर. तिने सगळं ऐकून घेतलं. पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय तिने, मध्येच म्हणाली, "साताऱ्याहून बरोबर लिहिलं होतंस. र अर्धा नीट काढलास."

"आत्या, यादीत तुझ्या नावाने ओळ करतेय. मधे कुणाचं नाव लिहू?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मागे तिच्या घड्याळाचे टोले पडत होते.

"ह्यांचंच राहू दे. पण पुढे ते श्री, सौ, श्रीमती काही नको लावूस."

"बरं. आणि माणसं?"

"एक." मग म्हणाली, "थांब. शेजारच्या वहिनींना घेऊन येते. त्यांना एरवी कोण नेणारे कुठे. दोन लिही."

त्या सेलमध्ये 2019 पासून 2 च होता. मी तो तसाच ठेवला.